सेवेचेही शिक्षण

बऱ्हाणपूर-खंडवा लोहमार्गावरील चांदनी हे आडवळणाचे ठिकाण. १९४७ साली स्थापन झालेल्या कंपनीची वृत्तपत्री कागदाची गिरणी याच परिसरात उभी राहिली, नेपानगर वसले, आणि १९५६ साली पंडित नेहरूंनी ती राष्ट्रास अर्पण केली. यंत्र चालविणारा ते काम शिकून येतो. मग कामगाराचे आजार, कर्ज व घरातील कलह ज्याने पाहावयाचे, त्याला केवळ दयाबुद्धी पुरेल काय? १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे आवश्यक ठरविले.

अशा शिक्षणाचा पाया मुंबईत त्यापूर्वीच घातला गेला होता. नागपाड्याच्या वस्तीत सेवाकार्य करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ड यांच्या नेतृत्वाखाली, सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने, १९३६ साली समाजकार्याचे विद्यालय निघाले. व्याख्यानांच्या जोडीला विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष क्षेत्रकार्यही करावे लागे. १९४४ साली ते टाटा समाजविज्ञान संस्था झाले. १९६४ साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला.

दान गरज भागविते. पण तीच गरज पुन्हा का उद्भवते, हे शोधण्यास अभ्यासच लागतो. या पदवीचे प्रयोजन तेच होय.