बत्तीस एकर आणि दोन खोल्या

बँकेतल्या माणसाच्या आयुष्यात दोन कागदांना फार महत्त्व असतं. एक लग्नाची पत्रिका आणि दुसरा बदलीचा हुकूम. पत्रिकेवर निदान स्थळ तरी छापलेलं असतं. हुकमावर नुसतं गाव असतं. स्थळ आपलं आपण शोधायचं.

माझा हुकूम २०२२ च्या मे महिन्यात आला. सातारा ते सांगली. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची, माझी चाळिशी उलटलेली आणि सौभाग्यवतींचं वय, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, लग्नात होतं तेवढंच.

"सांगली काय, चांगली!" असं सगळ्यांनी सांगितलं. पण चांगल्या सांगलीत राहायचं कुठं? शेजारचे नाना म्हणाले, "विश्रामबाग. डोळे मिटून." हेड कॅशिअर म्हणाले, "गावभाग. गणपती हाकेच्या अंतरावर." मेव्हणे म्हणाले, "त्यापेक्षा मिरजेत राहा. दवाखाने जवळ पडतात." म्हणजे तिकडं जाऊन आम्ही आजारीच पडणार, हे त्यांनी धरूनच चाललेलं. मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. एक वही घेतली, पानाच्या मधोमध रेघ मारली आणि प्रत्येक वस्तीचं खातं उघडलं. एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा. आठ दिवसांत वही भरली. शिल्लक शून्य.

खरं म्हणजे सातारकराला ही सवयच नाही. आमच्याकडं वस्ती निवडायची म्हणजे वार निवडायचा. १७०८ साली शाहू महाराजांचा साताऱ्याला राज्याभिषेक झाला, पुढं वस्ती अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पसरली आणि पेठा उभ्या राहिल्या. सोमवार, मंगळवार करत आठवडा संपला तरी माणसं येतच राहिली, म्हणून मग मल्हार पेठ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, यादोगोपाळ. मराठेशाहीत पेठ वसवायची रीत ठरलेली होती. सरकारनं जागा द्यायची, वाणी-उदमी, कारागीर बोलवायचे आणि काही वर्षं त्यांना करात सूट द्यायची. त्या कागदाला 'कौल' म्हणत. आधी हातात कौल पडायचा, मग डोक्यावर कौलं चढायची. आता बिल्डर 'सवलत मर्यादित काळासाठी' असं छापतो, ते याच कौलाचं नातवंड. फरक इतकाच, की कौलात सूट खरी असे.

एका रविवारी आम्ही चौघं घरं बघायला निघालो. रेल्वेनं. सातारा स्टेशन हे साताऱ्यात नाही, माहुलीला आहे, त्यामुळं निम्मा प्रवास स्टेशनवर पोचण्यातच झाला. कोरेगाव गेलं, कराड गेलं, ताकारी गेलं आणि गाडी एका स्टेशनवर थांबली. चिरंजीव नुकतेच वाचायला शिकलेले. ते पाटी वाचू लागले, "कि... र्लो... स्क..." जोडाक्षर फुटेपर्यंत गाडी सुटली.

"बाबा, ही कुणाची वाडी?"

आणि मला एकदम आठवलं, की आपल्यासारखाच एक चाळिशीचा गृहस्थ बायकामुलं घेऊन इथंच बिऱ्हाड करायला उतरला होता.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये मास्तर होते. बढती डावलली गेली म्हणून त्यांनी नोकरी सोडली. (बढती माझीही डावलली गेली. मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली.) बेळगावला येऊन त्यांनी सायकली विकल्या, कडबा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केला. आणि कारखान्याला बरे दिवस येतात तोच नगरपालिकेनं सांगितलं, जागा खाली करा. कारण? तिथं नवं उपनगर वसवायचं होतं! लोकांना राहायला जागा व्हावी म्हणून एक माणूस आपल्या कामगारांसकट बेघर झाला.

मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. नुकतेच, म्हणजे १९०९ साली, गादीवर बसलेले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन दिली आणि वर दहा हजार रुपये बिनव्याजी. हे बिनव्याजी प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला घाम फुटला होता. तारण काय? जामीनदार कोण? आमच्याकडं हे प्रकरण शिपायाच्या टेबलावरूनच परत गेलं असतं.

तर १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव तिथं आले. बत्तीस एकर म्हणजे काय होतं? माळ, निवडुंग आणि नाग. फाल्गुन-चैत्राचं ऊन. सोबत कामगार आणि त्यांची बायकापोरं. रात्रीच्या राखणीला त्यांनी ज्यांच्या नावावर गुन्हे होते अशीच माणसं ठेवली. चोर नेमका कुठल्या वाटेनं येतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा नियम. हे मी सौ.ला जरा दाबून सांगितलं, कारण आदल्याच आठवड्यात एका घरमालकानं फोनवर आधी माझं आडनाव विचारलं होतं आणि मग खोल्या किती ते सांगितलं होतं. सौ. त्याच वेळी म्हणाली होती, "ते घर नको." जमाखर्च न मांडता.

आता मी रंगात आलो. "त्या निवडुंगाच्या जागी नांगराचा कारखाना उभा राहिला. १९२० साली तिथून मासिक निघालं. कुंडल रोड हे स्टेशनचं नाव जाऊन किर्लोस्करवाडी झालं!"

सौ. मुलीला केळं भरवत होती. ती म्हणाली, "अहो, त्यांना मुलं होती का हो तेव्हा?"

"होती की. थोरला शंतनू सहा वर्षांचा होता."

तिनं आमच्या सहा वर्षांच्याकडं पाहिलं. तो खिडकीचा गज चाटत होता.

"शाळा?"

"शिकले ते औंधला, मग पुण्याला. तिथून पुढं अमेरिकेत, एमआयटीत."

"म्हणजे आईपासून लांबच," ती म्हणाली. "आणि राधाबाई काय म्हणाल्या ते नाग बघून?"

मी वाचलं होतं त्यात एकर होते, रुपये होते, नांगर होते. राधाबाई तिथं पदर खोचून उभ्या असणारच, पण माझ्या जमाखर्चात त्यांचा रकानाच नव्हता. मी गप्प बसलो. चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, ते नाग कुठं गेले?" यालाही उत्तर नव्हतं. तेवढ्यात भिलवडी आलं.

सांगलीला उतरल्यावर मी पुन्हा इतिहास काढला. त्याशिवाय मला घर बघता येत नाही. सांगली हे गावच मुळी वेगळ्या बिऱ्हाडातून जन्मलेलं आहे. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन लहानपणीच जहागिरीचे धनी झाले. कारभार चुलत्यांकडं, मिरजेत. पोर मोठं झालं, चुलत्या-पुतण्याचं बिनसलं आणि १८०१ च्या सुमारास अप्पासाहेब मिरजेतून निघून कृष्णाकाठी सांगलीला आले. चुलत्यापासून वेगळं व्हायचं आणि जायचं किती लांब, तर अडीच कोस! भांडण टिकावं पण हळदीकुंकवाला जाता यावं, एवढंच अंतर. सहा गल्ल्यांचं गाव म्हणून सांगली, असं लोक सांगतात. तिथं अप्पासाहेबांनी गणेशदुर्ग बांधला, व्यापारी आणून वसवले आणि घाटावर गणपतीचं देऊळ काढलं. ते पुरं व्हायला सुमारे तीस वर्षं लागली. ताबा मिळायला उशीर होणं ही परंपरा तेव्हापासूनची असावी. त्यांच्याच आश्रयानं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं. पूर्वीच्या माणसाला गाव वसवायला नदी लागे. पाणी, घाट, देव, बाजार सगळं काठावर. नदीला मात्र अधूनमधून आपलं जुनं बिऱ्हाड आठवतं.

नदीच्या बाजूलाच एका प्लॉटात मला घर पसंत पडलं. तळमजला, चार खोल्या, अंगणात पेरू, भाडं माझ्या हिशेबापेक्षा कमी. भिंतींना नुकता रंग दिलेला. मालक फार गोड. "पाणी? छे छे! इथं नाही येत कधी."

मी खिशातून पेन काढलं. सौ. कुठं दिसेना. ती फाटकाबाहेर भाजीच्या पाटीशी बसलेल्या बाईंशी बोलत होती.

"मावशी, एकोणीस सालच्या पुराला पाणी कुठवर होतं हो?"

मावशी उठून उभ्या राहिल्या. भिंतीशी गेल्या, टाचा उंचावून त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "ह्याच्याबी वर. आमी पत्र्यावर बसलो हुतो दोन दिस. नातवाला पाठीला बांधून."

चिरंजीव खेळ समजून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मावशींच्या बोटाखाली मोकळी भिंत किती उरली, ते मी पाहिलं. वहीतले जमेचे सगळे आकडे त्या मोकळ्या भिंतीत बुडाले. मी पेन खिशात ठेवलं.

सांगलीत नदीला फुटांत मोजतात, हे मला नंतर कळलं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ साली ५७ च्या वर, २०२१ ला पुन्हा ५४ च्या पुढं. माणसं पत्ता सांगावा तसा आकडा सांगतात. "आमच्या गल्लीत बेचाळीसला येतं." "आमच्या दारात अठ्ठेचाळीसला." घर बघायला येणाऱ्यानं हा एकच आकडा विचारायचा असतो. आणि तो मालकाला नाही, भाजीवाल्या मावशींना विचारायचा.

आम्ही विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. नानांचा विजय झाला. भाडं जास्त, पेरू नाही, आणि कपाट आत घेताना त्याचं शिंग मोडलं. निघताना सौ.नं मावशींना नवा पत्ता कागदावर लिहून दिला होता. "पाणी चढायला लागलं तर वाट बघू नका. पोरांना घेऊन या."

मला वाटलं, बोलायची पद्धत असते एकेक.

पुढच्या एका पावसाळ्यात पाणी इशाऱ्याकडं सरकलं आणि रात्री दहाला दार वाजलं. मावशी, सून, दोन नातवंडं, एक बोचकं आणि एक शेळी. शेळी जिन्याखाली बांधली. दोन खोल्यांत आठ माणसं. मी सवयीनं मनात भागाकार करायला लागलो, तर सौ. म्हणाली, "अहो, आकडेमोड पुरे. ती गादी धरा त्या बाजूनं."

तीन दिवसांनी पाणी उतरलं. चिरंजीव मावशींच्या नातवाला जायच्या आधी सांगत होते, "आमच्याकडं पाणी येत नाही. आमच्याकडं तुम्हीच येता."