घरकामगारांच्या निवडीतील पूर्वग्रह

घरकाम, स्वयंपाक वा बालसंगोपन यांसाठी व्यक्ती नेमताना तिचे कौशल्य न पाहता वंश, धर्म, जात वा भाषा यांवरून तिच्या स्वभावाविषयी अनुमान बांधण्याची प्रवृत्ती. घरातील नेमणूक बहुधा गृहिणीच्या पसंतीवर अवलंबून असते आणि ही पसंती अनुभवातून आलेली आहे, असे तिला प्रामाणिकपणे वाटत असते. त्यामुळे पूर्वग्रह तिचा तिलाच ओळखू येत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आयरिश मोलकरणींचा इतिहास हे याचे ठळक उदाहरण होय.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ ओढवला व लाखो लोक अमेरिकेस गेले. त्यांतील तरुण स्त्रियांना न्यूयॉर्क, बॉस्टन इ. शहरांत मुख्यतः घरकामच मिळे. स्वयंपाकीण वा मुले सांभाळणारी बाई पाहिजे, अशा वृत्तपत्रांतील काही जाहिरातींना ‘आयरिशांनी अर्ज करू नये’ अशी पुस्ती जोडलेली असे. काहींत केवळ प्रॉटेस्टंट असण्याची अट असे. आयरिश मोलकरणी बहुतांशी कॅथलिक असल्याने त्यांना वगळण्यास तेवढी पुरेशी होई. ‘ब्रिजेट’ हे आयरिश मोलकरणीचे जणू सामान्यनामच बनले. फ्रेडरिक ऑपर याने १८८३ मध्ये पक या साप्ताहिकात काढलेल्या व्यंगचित्रात मालकिणीवर मूठ उगारणारी आडदांड आयरिश स्वयंपाकीण दाखविली आहे. वस्तुतः खेड्यातील उघड्या चुलीवर बटाटे उकडणाऱ्या मुलीला शहरी घरातील लोखंडी शेगडी व चिनी मातीची नाजूक भांडी अपरिचित असत. तिचा हा अननुभव वांशिक स्वभावदोष म्हणून गणला गेला. इतर मोलकरणींच्या हातून फुटलेल्या कपांचा हिशेब मात्र कोणी वंशाच्या खाती मांडला नाही. तरीही आयरिश स्त्रियांना कामे मिळत राहिली. कारण अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या मुली दुसऱ्याच्या घरी राहून चाकरी करण्यास नाखूश असत.

या जाहिरातींविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. रिचर्ड जेन्सन यांनी २००२ मध्ये त्या अत्यंत विरळ होत्या, असे प्रतिपादन केले. २०१५ मध्ये एका शाळकरी विद्यार्थिनीने जुन्या वृत्तपत्रांतून अनेक नमुने शोधून त्याचे खंडन केले. तथापि जाहिरात हा केवळ उघड नकाराचा पुरावा होय. मुलीचे उच्चार ऐकून दारातच ‘जागा भरली’ असे सांगितले गेल्याची नोंद सहसा कोठेच राहत नाही.

विसाव्या शतकात अनेक शहरांत या कामावर कृष्णवर्णीय स्त्रिया आल्या. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर रोजंदारीसाठी उभ्या राहत व गृहिणी त्यांतून निवड करीत. एला बेकर व मार्व्हल कुक यांनी १९३५ मध्ये क्रायसिस मासिकात या प्रथेचे वर्णन केले. १९६४ च्या नागरी हक्क अधिनियमाने नोकरीतील वांशिक भेदभावास मनाई केली. मात्र त्यातील नोकरीविषयक तरतुदी १९७२ च्या दुरुस्तीनंतरही किमान पंधरा नोकर असलेल्या मालकांनाच लागू आहेत. एखादी मोलकरीण ठेवणारे घर त्यांच्या कक्षेत येत नाही.