सतरंजीवरचा न्याय

जुगाराच्या फिर्यादीची भाषा आता मला तोंडपाठ झाली आहे. गुप्त बातमी मिळाली, पंचांसह छापा टाकला, आणि 'खालील इसम गोलाकार बसून तिर्रट नावाचा जुगार पैशांवर खेळत व खेळवीत असताना मिळून आले'. खाली नावं. मग मुद्देमाल: रोख रक्कम, बावन्न पत्ते, मोबाइल, झाडाखाली लावलेल्या मोटारसायकली. नांदेड असो की लातूर, मुखेड असो की औसा, ठाणं बदललं तरी मजकूर फारसा बदलत नाही. शेवटी महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम येतं. उघड्यावर खेळत असतील तर 12 (अ), खोली किंवा क्लब असेल तर 4 आणि 5.

त्या दिवशी डावावर भांडण कुणाचं झालं, हे मात्र त्यात कधीच नसतं. ते पक्षकार सांगतो, जामीन झाल्यावर, कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना. कुणी पान मांडीखाली सरकवलं, कुणी कुणाची कॉलर धरली, कुणाला शिव्या देऊन उठवून लावलं. उठवून लावलेला माणूस तसाच ठाण्याकडे गेला, असंही अनेकदा निघतं. मी जुगाराची बाजू घेत नाही. तिर्रटच्या नादात विकलेल्या जमिनींची खरेदीखतं माझ्या टेबलावरून गेली आहेत आणि त्या घरातल्या बाया पोटगीसाठी माझ्याकडे आल्या आहेत. तरीही डावावर चिडणाऱ्या, हात उगारणाऱ्या, फसवणाऱ्या खेळाडूचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या भागात फार जुना आहे. त्यावर जुन्या लोकांनी जितका विचार केला तितका आपण केलेला नाही.

त्यातला सगळ्यात नीट विचार आमच्या अगदी शेजारी झाला. निलंग्याहून कासारशिरशीमार्गे पुढं गेलं की कर्नाटकातलं बसवकल्याण येतं. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे 1076 ते 1126 च्या दरम्यान, विज्ञानेश्वरांनी इथं याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वकील लोक मिताक्षरा वाचतात ती एकत्र कुटुंबाच्या वाटणीसाठी, मुलाचा जन्मसिद्ध हक्क शोधायला. व्यवहाराध्यायात पुढं द्यूतसमाह्वय नावाचं छोटं प्रकरण आहे, तिथं सहसा कुणी जात नाही. मी गेलो तो एका जुगाराच्या केसच्या निमित्तानं.

तिथं डाव मांडणाऱ्याला सभिक म्हटलं आहे. जागा त्याची, फासे त्याचे. शंभर किंवा त्याहून मोठ्या पणावर जिंकणाऱ्याकडून त्यानं शेकडा पाच घ्यायचे, लहान पणावर शेकडा दहा. त्यातून ठरलेला भाग राजाला द्यायचा. हरलेल्याकडून पैसे वसूल करून जिंकलेल्याच्या हातात देणं हेही त्याचंच काम. एवढ्यावर प्रकरण संपलं असतं तर तो साधा नाल काढणारा माणूस ठरला असता. पण याज्ञवल्क्यानं त्याच्यावर आणखी दोन गोष्टी घातल्या आहेत: त्यानं खरं बोलावं आणि सहनशील असावं. हरलेला माणूस तोंडाला येईल ते बोलणार, हे स्मृतिकाराला ठाऊक होतं. म्हणून सबुरी त्यानं डाव सांभाळणाऱ्याच्या कर्तव्यात घातली.

पुढचा नियम वाचून मी थबकलो होतो. खेळावर तंटा झाला तर निवाडा करणारे आणि साक्षीदार, दोन्ही जुगारीच असावेत. खेळातली लबाडी खेळणाऱ्यालाच कळते, बाहेरच्याला नाही. आज माझ्या केसमधल्या पंचांना रमी आणि तिर्रट यातला फरक विचारला की त्यांची उलटतपासणी तिथंच संपते. तेव्हा या नियमाचं मोल मला रोज दिसतं.

हद्दपारी फक्त एकाच गुन्ह्याला आहे. खोटे फासे वापरणाऱ्याला किंवा कपटानं खेळणाऱ्याला राजानं डागून राज्याबाहेर काढावं. डाग कसला, तर कुत्र्याच्या पायासारखा, असं विज्ञानेश्वर स्पष्ट करतात. नारदस्मृतीत अशा माणसाच्या गळ्यात फाशांची माळ घालून त्याला घालवायला सांगितलं आहे. शिक्षा क्रूर आहे, तिचं समर्थन मला करायचं नाही. पण रागावलेला खेळाडू आणि लबाड खेळाडू एका पारड्यात घातलेले नाहीत, हे बघण्यासारखं आहे. तापलेल्याला सभिकाची सबुरी, कपट्याला सीमेची वाट.

कौटिल्याचा सूर याहून कोरडा आहे. द्यूताध्यक्ष नेमावा, खेळ एकाच ठिकाणी चालवावा, दुसरीकडे खेळणाऱ्याला 12 पण दंड करावा, जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावे, वर फाशांचं भाडं आणि पाण्याचे पैसे वेगळे. चोर सापडावेत म्हणून खेळ एका देखरेखीखाली ठेवावा, हे याज्ञवल्क्यही सांगतो. सरकार आणि पोलीस यांची नजर पत्त्यांच्या क्लबांवर आजही पैसा आणि चोर, याच दोन कारणांनी असते.

निजामाच्या राजवटीत आमच्याकडे हैदराबादचा जुगार कायदा आला, 1305 फसलीचा, म्हणजे 1895-96 चा. त्याच कायद्याखालचा एक खटला पुढं देशभरातल्या पत्त्यांच्या टेबलांचं भवितव्य ठरवून गेला. मराठवाडा 1956 ला हैदराबादपासून वेगळा झाला, पण सिकंदराबादला तो कायदा चालूच होता. तिथल्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर पोलिसांनी धाड टाकली, तेव्हा पैशांवर रमी चालू होती. क्लबचे पदाधिकारी आणि खेळणारे दोघांवरही खटला झाला. मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली, उच्च न्यायालयानं ती रद्द केली, आणि 22 नोव्हेंबर 1967 ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं अपील फेटाळलं. निकाल लिहिला न्या. हिदायतुल्ला यांनी, जे नागपूरच्या उच्च न्यायालयात वकिली करून वर गेले होते. रमीत कोणती पानं पडली हे लक्षात ठेवावं लागतं, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं हे कसबाचं काम आहे, तीन पानी खेळासारखा तो निव्वळ नशिबाचा नाही, असं त्यांनी म्हटलं. क्लबनं पत्त्यांचे, बसण्याच्या सोयीचे पैसे घेतले म्हणून तो जुगारअड्डा होत नाही. मात्र तो खेळातूनच नफा काढत असेल तर गोष्ट वेगळी.

हा निकाल मी कितीतरी वेळा कोर्टात वाचून दाखवला आहे. रमी आणि तीन पानी तिर्रट यांच्यात कायद्यानं जी भिंत उभी केली ती तिथली. टेबलावर कोण कसा वागला हा प्रश्न न्यायालयासमोर नव्हताच. तो क्लबच्या माणसांवरच राहिला.

डाव सांभाळणारं असं माणूस मी लहानपणी लातूरला पाहिलं. चुलते आडतीवर होते. बाजार बंद असेल त्या दिवशी दुकानात तुरीच्या पोत्यांच्या थप्पीला टेकून सतरंजी अंथरली जायची आणि मेंढीकोट सुरू व्हायचा. पैसे नाहीत, पण ईर्ष्या अशी की कोट चढला की पुढच्या बाजारापर्यंत त्या जोडीला गोलाईच्या बाजारपेठेत मान वर करता यायची नाही. डाव सांभाळायचे ते म्हातारे मुनीमजी. ते स्वतः क्वचित खेळत.

एकदा बंद हुकूम लावला होता. एका हमालानं किलवरच्या उतारीवर हुकूम उघडायला लावून कापलं, आणि दोन हातांनंतर त्याच्याच हातातून किलवरची अठ्ठी पडली. विरुद्ध जोडीतला एक जण उठला आणि त्यानं पत्ते त्याच्या तोंडावर फेकले. दोघंही अंगानं मजबूत, पोती उचलणारे. मुनीमजींनी आवाज चढवला नाही. आधी त्यांनी पडलेले पत्ते गोळा करून मोजले, बावन्न भरले तेव्हा म्हणाले, "रंग होता का तुझ्याकडं?" तो म्हणाला, "दिसलाच नाही, मुनीमजी." त्यांनी बाकीच्या दोघांकडे पाहिलं. एकानं मान हलवली: मागं चिकटलेलं पान असतंय कधी कधी. "बरं, तो डाव गेला तुमचा. आणि तू रे," पत्ते फेकणाऱ्याला, "दोन डाव बाहेर बस. सगळ्यांना पाणी पाज." त्यानं रांजणातून तांब्या भरला. ज्याच्या तोंडावर पत्ते फेकले होते त्यालाही पाणी त्यालाच द्यावं लागलं. तिसऱ्या डावाला तो परत बसला. रंग असून कापणारा पुढं पुन्हा तसाच सापडला, तेव्हा मात्र मुनीमजींनी त्याला सतरंजीवर कधीच घेतलं नाही. त्यासाठी त्यांनी खेळणाऱ्या सगळ्यांना आधी एकेक करून विचारलं होतं.

मिताक्षरेचं ते प्रकरण वाचताना मुनीमजी माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यांनी ते वाचलेलं असणं शक्य नाही. सतरंजीवर बसणाऱ्या माणसाला आपोआप सुचतं ते हेच असावं.

पोकरच्या स्पर्धा जगभर चालतात, तिथंही हाच क्रम आहे. स्पर्धाप्रमुखांची संघटना 2001 मध्ये अमेरिकेत झाली आणि तिनं नियम एकसारखे केले. शिवीगाळ करणाऱ्याला आधी ताकीद, मग काही डाव बाहेर, मग एक किंवा अधिक फेऱ्या टेबलापासून दूर, शेवटी स्पर्धेतून बाद. बाहेर बसलेल्याच्या वाट्याचे सक्तीचे पैसे डावात जातच राहतात. राग शांत करायला त्याला वेळ मिळतो आणि त्या वेळेची किंमतही तोच भरतो. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद केले. कसबाचा खेळ असो की नशिबाचा, सगळे एका कलमात आले. 1967 ची ती भिंत मोबाइलच्या पडद्यापुरती पडली. मोबाइलवर कर्जबाजारी झालेली पोरं मी पाहतो, म्हणून मला त्याचं दुःख नाही. तिथं मुनीमजी नव्हतेच. हरणाऱ्याला कुणी पाहत नव्हतं, आणि दोन डाव बाहेर बस असं सांगणारं कुणी नव्हतं.

नांदेडमधल्या काही निवृत्त मंडळींना पत्त्यांचा क्लब काढायचा होता, पैशांशिवाय, रमी आणि ब्रिजसाठी. संस्था नोंदणीसाठी घटना लिहून द्यायला ते माझ्याकडे आले. सभासदाला काढायचं तर नोटीस द्यावी, त्याचं म्हणणं ऐकावं, हे घालावंच लागतं, नाहीतर तो माणूस कोर्टातून परत येतो. ते मी लिहिलंच. त्याशिवाय तीन कलमं आग्रहानं घातली. टेबलावरच्या तंट्याचा निवाडा त्या दिवशी त्याच खेळात बसलेले तीन सभासद करतील, कार्यकारिणी नाही. अपशब्द किंवा धक्काबुक्की केल्यास सभासद त्या दिवसापुरता बाहेर, दुसऱ्यांदा झाल्यास महिनाभर, आणि मुदत संपली की कोणताही अर्ज न करता तो आपोआप परत येईल. पत्त्यांत कपट केल्याचं सिद्ध झालं तर सभासदत्व कायमचं जाईल. आपोआप परत येण्याच्या कलमावर मंडळी अडून बसली, त्यानं निदान लेखी माफी तरी मागावी म्हणाली. मी म्हटलं, माफीनाम्याचा कागद कपाटात राहिला की दर भांडणाला बाहेर निघेल. बरीच वादावादी झाली. कलम मी लिहिलं तसंच राहिलं, फक्त परत येणाऱ्यानं पहिल्या दिवशी सगळ्यांचा चहा सांगायचा, एवढी भर त्यांनी घातली.