मरणासन्नांची सेवा आणि तिची पारख

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते ते थंड हवेचे ठिकाण म्हणून. पावसाळा सरता सरता तेथील उतारांवर नागली आणि वरई पिकू लागते, दऱ्यांतून धुके वर येते, आणि वसई-विरारकडची हौशी मंडळी गाड्या काढून तिकडे जातात. दिवाळी झाली की प्रवासाची दिशा उलटते. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबे कामासाठी खाली उतरतात. भिवंडी, ठाणे, वसई येथील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर. घरी राहतात ती म्हातारी माणसे आणि ज्यांना अंथरूण सुटत नाही असे आजारी. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मागे राहिलेल्या आजाऱ्याशी जाऊन भिडतो; परंतु तेथवर पोहोचण्यासाठी थोडे दुरून यावे लागेल.

असाध्य आजाराने अखेरीस टेकलेल्या माणसाची जेथे सेवा होते, ते ठिकाण चांगले आहे हे ओळखावे कशावरून? धर्मग्रामातील कुटुंबांवर हा प्रश्न अवचित येऊन कोसळतो. डॉक्टर म्हणतात, ‘आता घरी न्या.’ घरात रात्रभर कण्हणे ऐकवत नाही. मग कोणीतरी एखाद्या सिस्टरांच्या आश्रमाचे नाव सुचवते आणि आपण विचारतो : जागा स्वच्छ आहे का? चॅपेल आहे का? रुग्णाभ्यंगासाठी फादर येतात का? हे प्रश्न गैर नव्हेत. पण ते भेटीला जाणाऱ्याचे प्रश्न आहेत, खाटेवर पडलेल्याचे नव्हेत.

खाटेवरच्या माणसाने केलेली पारख आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वीपासून नोंदलेली सापडते. फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी १६०८ साली आजारी अवस्थेत गोव्यास पोहोचला आणि तेथील राजरुग्णालयात दाखल झाला. येशूसंघीयांच्या देखरेखीखालील त्या रुग्णालयाचे त्याने तोंड भरून कौतुक केले आहे : बिछाने, चादरी, जेवणाची भांडी, वैद्यांच्या फेऱ्या, सारेच त्याला राजेशाही वाटले. पुढे शतकाच्या मध्यास ताव्हेर्निए हा दुसरा फ्रेंच प्रवासी गोव्यास आला, तोवर चित्र पालटले होते. तो लिहितो की व्यवस्था पाहणारे बदलल्यापासून रुग्णांचे हाल होतात, वारंवार रक्त काढून त्यांना जेरीस आणले जाते, आणि तहानलेला रुग्ण पाण्यासाठी टाहो फोडीत असता सेवक चोरून पैसे घेतल्याखेरीज पाणी देत नाहीत. इमारत तीच होती, संस्थेचे नावही तेच होते. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही : हे वैभव होते तेव्हाही ते फिरंग्यांसाठी होते, एतद्देशीयांना त्या खाटा नव्हत्या. दारातून कोणाला परत पाठविले जाते, हाही पारखीचा एक भाग आहे.

मरणासन्नांसाठी वेगळे घर असावे ही आधुनिक कल्पना मुख्यतः कॅथॉलिक स्त्रियांची. फ्रान्समध्ये लिओं शहरी १८४२ साली जान गार्निए या तरुण विधवेने, स्वतःची मुले गमावल्यानंतर, असाध्य आजारी स्त्रियांच्या सेवेसाठी विधवांचा संघ स्थापन केला. १८७९ साली डब्लिन येथे आयरिश धर्मभगिनींनी ‘अवर लेडीज हॉस्पिस’ उघडले आणि त्याच संघाच्या भगिनींनी १९०५ साली लंडनच्या हॅकनी या गरीब वस्तीत ‘संत जोसेफ हॉस्पिस’ सुरू केले. मायेने न्हाऊ-माखू घालणे, जखमा धुणे, हात धरून प्रार्थना करणे यांत तेथे उणे नव्हते. उणीव निराळीच होती, आणि ती १९५८ मध्ये तेथे आलेल्या एका अँग्लिकन बाईंना दिसली.

सिसिली साँडर्स यांचे जीवन हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. प्रथम परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि अखेरीस, वयाच्या चाळिशीला टेकल्यावर, डॉक्टर. १९४८ साली कर्करोगाने मरण पावलेल्या डेव्हिड तास्मा या पोलिश ज्यू निर्वासिताने त्यांच्या भावी संस्थेच्या एका खिडकीसाठी पाचशे पौंड मागे ठेवले होते. संत जोसेफमध्ये वेदनेवरचे औषध बहुधा वेदना असह्य झाल्यावर, रुग्णाने मागितल्यावर मिळे. साँडर्सबाईंनी ते घड्याळ लावून, वेदना परतण्यापूर्वीच, देण्याची रीत घातली. ही रीत त्यांनी लंडनमधीलच संत लूक या जुन्या सेवागृहात पाहिली होती. दुसरे म्हणजे त्यांनी वही घातली. शेकडो रुग्णांना कोठे दुखते, किती दुखते, कोणत्या मात्रेने थांबते आणि मनाला काय खुपते आहे, हे लिहून ठेवले. त्या नोंदींतूनच शरीराची, मनाची, संसाराची आणि आत्म्याची वेदना एकच आहे, हा त्यांचा सुप्रसिद्ध सिद्धांत आकारास आला. १९६७ साली त्यांनी ‘संत क्रिस्तोफर हॉस्पिस’ उघडले. तास्माची ती खिडकी तेथे आहे. २००५ साली त्यांचा स्वतःचा मृत्यूही तेथेच झाला.

आता एका नाजूक प्रसंगाकडे वळतो. मदर तेरेसांनी १९५२ साली कालीघाट येथे ‘निर्मल हृदय’ उघडले, आणि रस्त्यावर मरणाऱ्या माणसाला छप्पर व नाव मिळाले. १९९४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी तेथे भेट दिली. स्वच्छता, जखमांची निगा आणि प्रेमळ वागणूक यांची त्यांनी प्रशंसा केली. परंतु बऱ्या होऊ शकणाऱ्या आणि न होऊ शकणाऱ्या रुग्णांत नीट फरक केला जात नाही व तीव्र वेदनेवर प्रभावी औषध नाही, असेही लिहिले. कॅथॉलिकांना हे लागले. कित्येकांनी त्यात धर्मद्वेष पाहिला. मला वाटते, त्या लेखाला सर्वांत योग्य उत्तर दिले ते त्याच नियतकालिकात पत्र लिहिणाऱ्या काही ब्रिटिश उपशामक तज्ज्ञांनी : भारतात मॉर्फिनच दुर्मीळ आहे, डॉक्टरांना त्याचे शिक्षण नाही आणि कायदे इतके कडक आहेत की मोठ्या रुग्णालयांतही ते मिळत नाही, मग दोष एकट्या कालीघाटला का द्यावा? मदर तेरेसांना २०१६ साली संतपद प्राप्त झाले. संताच्या घरातील औषधाचे कपाट उघडून पाहणे हा अनादर आहे असे मानण्याचे कारण नाही. दृष्टान्तातला दयाळू शोमरोनीसुद्धा उतारशाळेच्या रक्षकाला दोन नाणी देऊन सुटला नाही. आपण परत येणार आहोत, हेही त्याने त्याला बजावले होते.

ख्रिस्ताच्या दुःखसहनात आपले दुःख मिळवावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरे आहे. परंतु ते अर्पण ज्याचे त्याने करावयाचे असते. शेजारच्या माणसाचे दुःख आपण परस्पर अर्पण करू शकत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ च्या फेब्रुवारीत भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की, दुसरा उपाय नसेल तर वेदनाशमनासाठी गुंगीचे औषध देण्यास हरकत नाही, त्यामुळे, तसा हेतू नसताना, आयुष्य काहीसे कमी झाले तरीही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी दुःखावर १९८४ साली जे पत्र लिहिले, तेही दयाळू शोमरोन्यापाशी येऊन थांबते. तरीदेखील ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ ही समजूत आपल्या घराघरांत टिकून आहे.

हॉस्पिस भारतात आले ते आपल्याच दाराशी, १९८६ साली. टाटा स्मारक रुग्णालयातील कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. लुईस जोसे डिसोझा यांनी वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर ‘शांती अवेदना’ आश्रम उभारला. तेथील शुश्रूषा होली क्रॉसच्या धर्मभगिनींनी अंगावर घेतली, आणि कोणत्याही धर्माच्या रुग्णाला विनामूल्य प्रवेश मिळू लागला. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही शाखा निघाल्या. नाव ठेवणाऱ्याचे मला कौतुक वाटते. करुणा, दया, आशा अशी नावे सहज सुचली असती. ती सेवा करणाऱ्याच्या मनाविषयी बोलतात. ‘अवेदना’ हा शब्द रुग्णाच्या शरीराविषयी बोलतो, आणि संस्थेला रोज त्यावरून जाब विचारता येतो.

योगायोग असा की त्याच सुमारास दोन परस्परविरुद्ध गोष्टी घडल्या. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरीपायरीची उपचारपद्धती प्रसिद्ध केली : औषध शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे, वेदनेच्या तीव्रतेनुसार. मॉर्फिन हे तिचे शेवटचे आणि स्वस्त पाऊल. पण त्याच्या आदल्याच वर्षी भारताने अमली पदार्थांविरुद्ध जो कायदा केला, त्याच्या धाकाने औषधविक्रेते आणि रुग्णालये मॉर्फिन ठेवीनाशी झाली. एका खरेदीसाठी अनेक परवाने, आणि चूक झाल्यास दहा-दहा वर्षांचा कारावास! १९९७ पर्यंत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. औषधी अफू पिकवून परदेशी पाठविणाऱ्या देशात ही गत. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कालिकत येथे दवाखाना काढून, घरोघर जाणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे विणून आणि सरकारदरबारी खेटे घालून वाट काढली. कायद्यात दुरुस्ती व्हायला मात्र २०१४ साल उजाडले. मरणसमयीच्या सेवेबाबत देशांची जी तुलना २०१० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, तीत ४० देशांत भारत शेवटचा होता. २०१५ च्या तुलनेत ८० देशांत ६७ वा. असे क्रमांक वाचून हळहळावे इतकेच. त्यांतून सूर्यमाळेच्या पाड्यावरचे काहीच कळत नाही.

जव्हार-मोखाड्यातील मृत्यूंकडे सरकारचे व वृत्तपत्रांचे लक्ष प्रथम ठळकपणे गेले ते १९९२ च्या सुमारास, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे. तेव्हापासून येथील मृत्यू मोजले जातात. किती बालके दगावली, कोणत्या महिन्यात, वजन किती होते. ते आवश्यकच होते. मात्र जाणारा जीव कसा गेला, त्याला किती दुखले, आईला कोणी काय सांगितले, याचा रकाना त्या तक्त्यांत नव्हता. म्हणून २०१० साली सुरू झालेल्या एका उपक्रमाचे मोल मला विशेष वाटते. टाटा स्मारक रुग्णालय, उपशामक शुश्रूषेची अखिल भारतीय संघटना आणि मुलांच्या अशा शुश्रूषेसाठी झटणारी आंतरराष्ट्रीय संस्था यांनी, ब्रिटिश सरकारच्या अर्थसाहाय्याने, महाराष्ट्रातील मुलांसाठी प्रकल्प आखला आणि त्यातील ग्रामीण केंद्र म्हणून जव्हारचे कुटीर रुग्णालय निवडले. अशी सेवा म्हणजे केवळ कर्करोग नव्हे. मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेले, सिकलसेलच्या कळांनी तळमळणारे मूलही तिच्या कक्षेत येते. शहरातील वीस मजली रुग्णालयाबाहेर, एका आदिवासी तालुक्यात हे करता येते की नाही, हे तपासणे हाच त्या निवडीचा हेतू होता.

येथे वांद्र्याची मोजपट्टी जशीच्या तशी चालत नाही. खाटा किती, चादरी कशा, हे विचारण्यात अर्थ नाही. सेवागृह म्हणजे रुग्णाचीच कुडाची झोपडी. विचारायचे ते असे की मॉर्फिनची बाटली सर्वांत जवळ कोठे आहे, आणि भर पावसात ओढा फुगला असताना ती आणणार कोण? रात्री दोन वाजता कळ आली तर काय द्यायचे, हे घरातल्या म्हातारीला तिच्या बोलीत समजावले आहे का? भगताला वैरी मानून हाकलले, की त्यालाही सोबत घेतले? परिचारिकेच्या वहीत मागच्या भेटीची नोंद आहे का? रुग्ण गेल्यानंतर त्या घरी कोणी पुन्हा पाऊल टाकले का? शेवटचा प्रश्न शहरातल्या उत्तम संस्थांनाही अडचणीत आणतो, असा माझा समज आहे.

१९९८ साली वसई धर्मप्रांत झाला, तेव्हा जव्हार-मोखाडाही त्याच्या सीमेत आले. पण आपले नाते नकाशापेक्षा जुने आहे. आपल्या घरांच्या विटा ज्यांनी थापल्या, त्यांतील अनेकांचे आईबाप त्या डोंगरावर आहेत. जानेवारीत पाड्यावर पोहोचलेल्या परिचारिकेला बहुतेक दारे बंद आढळतात आणि एखाद्या पडवीत एकटा म्हातारा पडलेला दिसतो. शेजारीही भट्टीवर गेलेले असतात. मुलगा कोणत्या गावच्या, कोणाच्या भट्टीवर आहे आणि त्याच्या मुकादमाचा मोबाइल क्रमांक काय, एवढे तिच्या वहीत लिहिलेले असेल, तर तो त्याच रात्री मिळेल त्या एस.टी.ने निघू शकतो.