दक्षिणेतील एक मराठी कन्या आणि रक्ताची राखण

देवनहळ्ळीचा किल्ला म्हटला की टिपू सुलतानाचे जन्मस्थान आठवते, हैदरअलीची तटबंदी आठवते आणि १७९१ साली हा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, हेही आठवते. रक्त सांडल्याच्या नोंदी इतिहास मोठ्या निगुतीने ठेवतो. रक्त निर्धोक राखून माणसे जगविणाऱ्यांच्या नोंदी मात्र क्वचितच कोणी ठेवतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अशी एक नोंद येथे करावी, असे वाटते.

शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीपासून मराठी माणूस दक्षिणेत स्थिरावत आला आहे. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणारे गायतोंडे हे असेच एक महाराष्ट्रीय कुटुंब. या घरची कन्या सुनीती मद्रास मेडिकल कॉलेजात वैद्यक शिकली, परदेशात अधिक अध्ययन करून परतली आणि त्याच महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका झाली. शल्यविशारद डॉ. व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी विवाह झाल्यावर त्या डॉ. सुनीती सॉलोमन या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

एड्सचा विषाणू १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. हा रोग परदेशचा, आपल्या सुसंस्कृत समाजाला त्याचे भय नाही, अशीच त्या काळी आपल्याकडे बहुतेकांची समजूत होती. सुनीतीबाईंना ती मान्य नव्हती. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने मोठ्या कष्टाने मिळविले आणि सोय नसल्याने ते स्वतःच्या घरच्या फ्रिजमध्ये जपून ठेवले. १९८६ साली वेल्लोर येथे तपासणी झाली तेव्हा त्यांतील सहा नमुने बाधित निघाले. अमेरिकेतील फेरतपासणीनेही त्यास दुजोरा दिला. भारतातील एच.आय.व्ही.चा हा पहिला पुरावा होय.

शोधापाशी थांबणे सुनीतीबाईंच्या स्वभावात नव्हते. समाज ज्या रुग्णांना दूर लोटत होता, त्यांच्यासाठी १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावे वाय. आर. गायतोंडे केंद्र उभारले. बाधितांचे आपसांत विवाह जुळविण्याचे कामही त्यांनी केले. आपल्या वधूवर मेळाव्यांत पत्रिका पाहणाऱ्यांनी हे जरूर ध्यानी घ्यावे. २०१५ साली त्या निवर्तल्या आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

या काळात रक्तपेढ्यांची रीतही पालटली. पूर्वी पैशासाठी रक्त विकणारे अनेक होते. गरजेपायी ते आपले आजार लपवीत आणि शरीर भरून येण्यापूर्वीच पुन्हा रक्त विकीत. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत दोन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्रीस बंदी आली. आज प्रत्येक पिशवीची एच.आय.व्ही., कावीळ ब व क, उपदंश आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. तथापि नुकताच झालेला संसर्ग काही दिवस तपासणीत उमटत नाही. म्हणून चाचणी कितीही चांगली असली, तरी निःस्वार्थ आणि सत्य सांगणारा दाता हाच पहिला पहारेकरी ठरतो.

कावीळ ब चा विषाणू तर शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, सात दिवसांपर्यंत तग धरतो. तेव्हा सुई एकदाच वापरावी. न्हाव्याने वस्तऱ्याचे पाते प्रत्येक वेळी नवे घ्यावे. कान टोचताना वा गोंदवताना निर्जंतुक साधनांचा आग्रह धरावा. बाळाला कावीळ ब ची लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यावी. उलटपक्षी हस्तांदोलनाने, एका पंगतीत जेवल्याने किंवा डास चावल्याने एच.आय.व्ही. पसरत नाही. तेव्हा खबरदारी रक्ताच्या संपर्काबाबत घ्यावयाची. माणसाला दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही. रुग्णाशी भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाईही केली आहे. २००४ पासून शासन विनामूल्य औषधे पुरवीत असून, ती नियमित घेणारा रुग्ण दीर्घकाळ कामकाज करीत जगू शकतो.

परमुलखात राहणाऱ्या आपल्याला रक्ताच्या नात्याचे मोल सांगावयास नको. अडीअडचणीला गावाकडची माणसे वेळेवर पोहोचत नाहीत. शेजारी धावून येतो आणि कुणा अनोळखी दात्याची पिशवी आपल्या माणसाचा जीव वाचविते. त्या अनोळखी नात्याचे ऋण फेडावयाचे, तर शिबिरात नाव नोंदवावे, प्रश्नावलीला खरी उत्तरे द्यावीत आणि आजारी माणसाला दार लावू नये. चेन्नईच्या गायतोंड्यांच्या लेकीने घालून दिलेला हा धडा देवनहळ्ळीच्या मराठी घरांनीही गिरवावा.