कात्रीपासून मोबाइल अ‍ॅपपर्यंत : चित्रफीत संकलनाचा इतिहास आणि साधनांच्या जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :
साधने हा इतिहासलेखनाचा पाया होय. कागदपत्रे, शिलालेख, नाणी व मौखिक परंपरा यांच्या जोडीला विसाव्या शतकात चलच्चित्राची भर पडली. आज मोबाइलवरील साध्या संकलन अ‍ॅपच्या आधारे कोणतीही व्यक्ती मिनिटभराची चित्रफीत तयार करून समाजमाध्यमावर प्रसारित करू शकते. या चित्रफिती उद्याच्या इतिहासकाराची साधने ठरणार आहेत. मात्र त्या कापून व जोडून तयार होतात. कापलेल्या भागाचे पुढे काय होते, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

1. फिल्मचा कालखंड :
7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा खेळ झाला. हे चित्रपट मिनिटभराच्या आतले, एकाच दृश्याचे होते. त्यांची लांबी कॅमेऱ्यात मावणाऱ्या फिल्मने ठरवलेली होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी 1899 मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले, तेही याच परंपरेतील होय. 3 मे 1913 रोजी प्रदर्शित झालेल्या दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ने दृश्ये जोडून कथा सांगण्याची रीत येथे रुजवली. या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा प्रत्यक्ष सहभाग होता, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

फिल्मचे संकलन म्हणजे अक्षरशः कात्री चालवणे व तुकडे चिकटवणे. फिल्म महाग होती. म्हणून पुढील काळात कापाकापी प्रतीवर करून मूळ निगेटिव्ह शेवटपर्यंत राखून ठेवण्याची शिस्त रूढ झाली. तरीही ज्वालाग्राही फिल्म, हेळसांड व उदासीनता यांमुळे भारतीय मूकपटांपैकी बहुतांश नष्ट झाले. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते 1964 मध्ये. तोपर्यंत फार उशीर झाला होता.

2. संगणक व मोबाइलचा कालखंड :
1989 मध्ये बाजारात आलेल्या अ‍ॅव्हिड प्रणालीने संकलन संगणकावर आणले. 1999 मध्ये आयमूव्ही व 2000 मध्ये विंडोज मूव्ही मेकर यांमुळे ते घरापर्यंत पोहोचले. भारतात 2016 नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे ते हातातल्या फोनवर आले. काइनमास्टर, इनशॉट यांसारख्या अ‍ॅपमध्ये दृश्याचा पट्टा बोटाने कापता येतो, त्यावर मजकूर व संगीत चढवता येते आणि उभ्या चौकटीतील चित्रफीत काही मिनिटांत तयार होते.

लांबीची मर्यादा आता फिल्म नव्हे, तर समाजमाध्यम ठरवते. 2013 मध्ये सुरू झालेल्या व्हाइनने 6 सेकंद दिले. 2020 मध्ये इन्स्टाग्राम रील्सचा आरंभ 15 सेकंदांनी झाला. 29 जून 2020 रोजी भारत सरकारने 59 अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉकबरोबर व्हिवाव्हिडिओ हे संकलनाचे अ‍ॅपही होते. बंदीमागील सुरक्षेची कारणे हा स्वतंत्र विषय आहे. परंतु ग्रामीण व निमशहरी भागांतील असंख्य लोकांनी केलेले स्वतःच्या जीवनाचे चित्रण त्यामुळे येथील प्रेक्षकाच्या व अभ्यासकाच्या नजरेआड गेले, हे नमूद केले पाहिजे.

3. एक अनुभव :
प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने 1972 च्या दुष्काळाविषयी आपल्या आजीची सुमारे 40 मिनिटांची मुलाखत मोबाइलवर चित्रित केली. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेली मिलो हे सारे त्यात होते. त्यातून त्याने 1 मिनिटाची नेटकी चित्रफीत तयार केली. आजीचे थांबणे, अडखळणे, एकच गोष्ट दोनदा वेगळ्या तऱ्हेने सांगणे त्याने काढून टाकले व मागे करुण संगीत घातले. फोनची जागा भरल्यामुळे मूळ चित्रण पुसले गेले. अ‍ॅपमधील प्रकल्पही मूळ फाइलवरच अवलंबून असल्याने उघडला नाही. पुढे आजी निवर्तल्या. मौखिक इतिहासाच्या अभ्यासकाला जे हवे असते, नेमके तेच गेले. दोष विद्यार्थ्याचा नव्हता. मूळ चित्रण जपून ठेवावे, असे आम्ही त्याला शिकवले नव्हते.

निष्कर्ष :
1. कात्री फिल्म प्रत्यक्ष कापत असे. परंतु ती महाग असल्याने मूळ जपले जाई. अ‍ॅप मूळ चित्रणाला धक्का लावत नाही; परंतु ते फुकटचे वाटल्याने सहज पुसले जाते. साधनाचे जतन तंत्रावर नव्हे, तर त्याला दिलेल्या मोलावर अवलंबून असते.
2. संकलित चित्रफीत हे साधन आहे. मात्र ते निवड केलेले साधन आहे. बखरीप्रमाणेच त्याची चिकित्सा व्हावयास हवी.
3. इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना संकलनाबरोबरच मूळ चित्रण वेगळे साठवणे, दिनांक, स्थळ व निवेदकाची संमती नोंदवणे आणि त्याची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करणे यांचे शिक्षण द्यावे.

मूकपटांच्या बाबतीत झालेली चूक आपल्या आजी-आजोबांच्या आवाजाबाबत पुन्हा घडू नये, एवढीच अपेक्षा.