आखूड जनुकाची कहाणी

सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांना नवी नव्हती. ज्याला झोप येत नाही, ज्याचे चित्त ठिकाणावर नाही, त्याला ती पिढ्यान् पिढ्या दिली जात असे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन पाहिली व १९४९ साली आपले अनुभव एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांची नजर या झुडपाकडे वळली. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये मुळीतले प्रभावी द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याचे नाव रेसर्पीन. त्याने रक्तदाब उतरे. पण काही रोग्यांचे मनही उतरते, अशी कुजबुज लवकरच सुरू झाली. १९५५ साली अमेरिकेत ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की रेसर्पीन शरीरातील सेरोटोनिन नावाच्या द्रव्याचे साठे रिते करते. दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या गेल्या, आणि ज्याला आज सर्रास 'डिप्रेशन' म्हणतात त्या औदासीन्याच्या मुळाशी अशा एखाद्या द्रव्याची टंचाई असली पाहिजे, ही कल्पना रुजली. रेसर्पीनवरचा तो आळ पुढे नीटसा सिद्ध झाला नाही. कल्पना मात्र राहिली.

द्रव्य सापडले, तेव्हा आता त्याचा कारभार पाहणारे जनुक शोधणे ओघानेच आले. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तो सेरोटोनिनसारख्या द्रव्याच्या हाती. निरोप पोचला, की ते द्रव्य पुन्हा आत ओढून घेणारा एक वाहक असतो. या वाहकाचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या आरंभापाशी काही माणसांत ४४ अक्षरांचा एक तुकडा जास्त असतो, काहींत नसतो. म्हणजे एक लांब प्रकार, एक आखूड. १९९६ साली क्लाउस-पीटर लेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०५ लोकांची तपासणी करून सांगितले, की आखूड प्रकाराची माणसे किंचित अधिक चिंतातुर असतात. किंचित म्हणजे किती? माणसामाणसांतील चिंताळूपणाचा जो फरक, त्यातला तीन-चार टक्के. हा आकडा त्यांनी स्वतःच छापला होता. वाचणाऱ्यांनी तेवढाच नेमका नजरेआड केला.

आता रंगमंचावर ते यंत्र आले. प्रचंड चुंबकाच्या नळकांड्यात माणसाला निजवायचे आणि मेंदूच्या कोणत्या भागात प्राणवायूने भरलेले रक्त जास्त धावते ते टिपायचे. यंत्राला विचार दिसत नाही, रक्त दिसते. पण चित्रात रंगीत ठिपके उमटले, की आपल्याला मनच पाहिल्यासारखे वाटते. २००२ साली अमेरिकेत अहमद हरीरी यांनी २८ जणांना भ्यालेले व रागावलेले चेहरे दाखविले. आखूड जनुकवाल्यांच्या मेंदूतील अमिग्डला, म्हणजे भयाची चाहूल घेणारी बदामाएवढी गाठ, अधिक जोराने चेतली. अठ्ठावीस जण! माझ्या वर्गातील दोन रांगा. आणि त्यांतला एकही औदासीन्याचा रोगी नव्हता.

पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमधील डनेडिन गावाहून बातमी आली. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांना लहानपणापासून ठरावीक वर्षांनी बोलावून तपासत असत. त्यांपैकी ८४७ जणांचा हिशेब मांडून अवशालोम कास्पी व टेरी मॉफिट यांनी लिहिले, की नोकरी जाणे, घर जाणे, प्रेमभंग असे चार किंवा अधिक आघात ज्यांनी सोसले, त्यांतील आखूड जनुकवाल्यांपैकी ३३ टक्क्यांना औदासीन्याने गाठले. दोन्ही लांब असलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला हे किती आवडावे! जन्मजात उणीव, वर दैवाचा घाला, आणि मेंदूत दिसणारा पुरावा. कथानक इतके बांधेसूद, की शंका घेणाराच अरसिक ठरावा. शेकडो प्रयोगशाळा कामाला लागल्या.

शंका घेणारे होतेच. २००९ साली क्रेग बेनेट या अमेरिकन संशोधकाने एक मेलेला सामन मासा त्या यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखविली आणि या माणसांच्या मनात काय चालले आहे असे रीतसर विचारले. माशाच्या मेंदूतही ठिपके पेटले! हजारो ठिकाणी एकदम मोजमाप केले, की काही ठिकाणे निव्वळ योगायोगानेच उजळतात. तो योगायोग वजा करण्याची गणिती दक्षता घेताच मासा पुन्हा मेला. त्याच वर्षी रिश व मेरिकंगस यांनी १४ अभ्यासांतील १४,२५० माणसे एकत्र धरली. आयुष्यातील आघातांचा औदासीन्याशी संबंध ठळक दिसला. आखूड जनुकाचा दिसला नाही, एकट्याचाही नाही आणि आघातांच्या जोडीनेही नाही. २०१७ साली रोग्यांच्या मेंदूचित्रांचे ९९ प्रयोग एकावर एक ठेवून पाहिले, तर सर्वांत सारखी अशी एकही जागा हाती लागली नाही. २०१९ साली कोलोरॅडोतील मंडळींनी औदासीन्याशी जोडलेली अठरा नामांकित जनुके लक्षावधी लोकांत तपासली. ती कोणत्याही अठरा सामान्य जनुकांहून सरस ठरली नाहीत.

मग हा आजार रक्तात नाहीच काय? आमच्या गावी एका मुलीचे ठरलेले लग्न मोडले, कारण तिची आई वर्षभर अंथरुणाला खिळून रडत असे. 'घराण्यातच आहे ते,' एवढे तीन शब्द पुरले. अशा वेळी आकडे कामाला येतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून औदासीन्याची आनुवंशिकता सुमारे ३७ टक्के धरतात. याचा अर्थ मुलीला तो आजार होण्याचा संभव ३७ टक्के, असा मुळीच नव्हे. समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा वाटा जन्मजात वेगळेपणाचा, इतकाच. आणि तो वाटा कुणा एकाच्या हाती नाही. २०२५ च्या आरंभी २९ देशांतील सहा लाख अठ्ठ्याऐंशी हजारांहून अधिक रोग्यांच्या तपासणीतून गुणसूत्रांवरचे जवळजवळ सातशे बारीक फरक पुढे आले. प्रत्येकाचा भार राईएवढा. त्यांतले थोडेबहुत तुमच्याकडे, माझ्याकडे आणि लग्न मोडणाऱ्या वरपक्षाकडेही असायचेच.

डनेडिनची मुले दरम्यान पंचेचाळीस वर्षांची झाली. हयात असलेल्या ९९७ जणांना पुन्हा बोलावणे गेले. एव्हाना कितीकांनी देश सोडला होता. तपासणीला ९३८ जण आले.